केशरबाईचा लोखंडी मासा

केशरबाई खोटं बोलायची, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मासळीच्या बाबतीत मात्र नाही. कालचा बोंबील आजचा म्हणून तिनं उभ्या जन्मात कुणाच्या पिशवीत टाकला नाही. मोहन्याच्या बाजारात तिच्या पाटीपुढं गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं, की तीच म्हणायची, "वास कशाला घेतंस? शिळा हाय, मीच सांगतंय. उद्या ये." अशी बाई दोन वर्षं दर रविवारी नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलत होती, आणि ते खोटं बसून रचत होती. मला हे कळलं तेव्हा मी तिला चार शब्द सुनवायला निघालो होतो. सुनवले नाहीत, ते बरं झालं.

मी गोपीनाथ. तेव्हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि आमच्या मोहने कोळीवाड्याच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. दोन्हीकडं काम एकच, लोकांच्या चुका काढणं. ते मी मन लावून करायचो. केशरबाई माझ्या चुलत घरातली, म्हणून मी तिला काकी म्हणतो.

तिचा नवरा दाजी. उल्हास नदीत त्याची होडी असायची. अंगानं किडकिडीत, पण वल्हं हातात घेतलं की बघत राहावं असा माणूस. नव्वद साली साखरेनं त्याचे डोळे गेले. आधी डावा, मग सहा महिन्यांत उजवा. दाजीनं होडी भाच्याला देऊन टाकली आणि भिंतीकडं तोंड करून पडला, तो पडलाच. दाढी करायचा नाही. आंघोळीला चार हाका माराव्या लागायच्या. ओटा उतरून खाली पाय ठेवायचा नाही. "कसं काय दाजी?" विचारलं तर उत्तर द्यायचा नाही. मग लोकांनी विचारायचं सोडलं. त्या लोकांत मीही होतो. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

ब्याण्णव साली टीव्हीवर दर रविवारी सकाळी नऊ वाजता एक जपानी कार्टून लागायचं. बोलणं हिंदीतून. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, वाड्यात सगळे त्याला 'लोखंडी मासा' म्हणायचे. हारूमी नावाची पोरगी, तिचं बेट समुद्रात हरवलेलं, आणि ती एका लोखंडी माशाच्या पोटात बसून ते शोधत फिरते, अशी गोष्ट. वाड्यात टीव्ही तीन-चार घरीच. म्हणून मंडळाच्या खोलीतला टीव्ही मी रविवारी सकाळी उघडून द्यायचो. पोरं तर यायचीच, पण बाप्येही पोरांना आणायच्या निमित्तानं येऊन मागं उभे राहायचे.

केशरकाकी एकदा सुकटीची पुडी द्यायला म्हणून आली आणि दारातच बसून राहिली. घरी जाऊन तिनं जेवण वाढता वाढता दाजीला सांगितलं, की आज टीव्हीत लोखंडाचा मासा पाहिला, त्याच्या पोटात एक पोरगी राहते. भिंतीकडं तोंड केलेला दाजी वळला आणि म्हणाला, "लोखंडाचा मासा बुडंल ना?"

कित्येक महिन्यांत त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. काकीला उत्तर येत नव्हतं. पुढच्या रविवारी नऊच्या ठोक्याला ती खोलीत हजर. मग कुठलाच रविवार चुकला नाही. नऊ ते साडेनऊ टीव्ही बघायची, बाजारातली पाटी तोवर शेजारणीच्या भरवशावर, आणि घरी जाऊन दाजीला सगळं सांगून मगच धंद्याला बसायची. दाजी रविवारी सकाळी आपण होऊन आंघोळ करायला लागला. दाढी करून घ्यायला लागला. धुतलेला सदरा घालून भिंतीला टेकून बसायचा, घरी पाव्हणे येणार असल्यासारखा.

काकीच्या सांगण्यात जपान फार टिकलं नाही. हारूमीची हारू झाली. ती काड्यांनी भात खायची, तो भात आंबट-तिखट कालवणाबरोबर खायला लागली. त्यांचा कसलासा समुद्राचा सण होता, त्याची नारळी पुनव झाली. दाजी बारीकसारीक चौकशी करायचा आणि चूक पकडायचा. "ओहोटीला खाडीन शिरली ती? गाळान रुतंल तो मासा. हारू बाहेर कशी आली मग?" काकीला काय माहीत! कार्टूनवाल्यांनी ओहोटीचा विचार केलेलाच नव्हता. तिनं तिथल्या तिथं एक म्हातारा नावाडी उभा केला. एका कानाचा. तो म्हणे होडी घेऊन आला आणि पोरीला काठावर सोडून गेला. दाजी म्हणाला, "हां, आता बरोबर." तेव्हापासून तो एककान्या नावाडी गोष्टीत राहिलाच.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की कार्टून सहा महिन्यांत संपलं, सव्वीस भागांत, पण काकीचं येणं थांबलं नाही. रविवारी नऊ वाजता ती खोलीत यायची आणि मागच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून अर्धा तास बसायची. टीव्हीवर काहीही चालू असो. मला वाटायचं, बाईला बाजारात उभं राहून थकवा येतो, इथं जरा पडायला येते. पंखा आहे ना खोलीत. एकदा मी बोललोही, "काकी, मंडळाचा पंखा हाय, धर्मशाळेचा नाय." ती नुसती हसली. आठवलं की अजून मला माझी लाज वाटते.

चौऱ्याण्णवचा जून. तानाजी म्हणून आमचा एक वायरमन होता, मंडळाची सगळी रोषणाई तोच करायचा. त्याला पेपर वाचायची भारी हौस. एका संध्याकाळी पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "बघा, अमेरिकेत आता कार्टूनवरनं खऱ्या माणसांचे सिनेमे काढतायत. तिकडची कार्टूनं संपली की हॉलिवूडवाले जपान्यांची उचलणार, लिहून घ्या."

झालं. पंधरा दिवस खोलीसमोरच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. पुढचा नंबर कुठल्या कार्टूनचा? कुणी म्हणे यंत्रमानव भावांचं, कुणी म्हणे उडत्या मोटारीचं. हारूमीचं काम कुठली गोरी नटी करणार यावर दोघांचं बोलणं बंद झालं. जणू हॉलिवूडचा साहेब आंबिवली स्टेशनला उतरून यांना विचारायला येणार होता. तानाजी लोखंडी माशावर ठाम. शेवटी तोच म्हणाला, "ते करतील तेव्हा करतील. त्यांच्या आधी आपण करू की. यंदाच्या देखाव्याला."

आमच्याकडं गणपतीपुढं सजीव देखावा असतो. खरी माणसं सोंग घेऊन उभी राहतात, बोलणं टेपवर आधीच भरून ठेवलेलं असतं, पुढच्यांनी फक्त ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. दरवर्षी आम्ही पुराणातलंच काहीतरी करायचो, आणि दरवर्षी कल्याणातल्या देखाव्यांच्या स्पर्धेत आमचा नंबर हुकायचा. कार्टूनचा देखावा अख्ख्या तालुक्यात कुणी केला नव्हता. मलाही हुरूप आला. देखाव्यात होडी लागणार, म्हणून ती कशी बांधावी ते विचारायला मी दाजीकडं गेलो. त्याच्या घरी मी दोन वर्षांनी पाऊल टाकत होतो.

दाजीला मी सांगितलं, लोखंडी माशाचा देखावा करतोय. त्याचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिलो. "मंग नावाडी कोन?" तो म्हणाला. "एककान्या? त्याला आत्ता ताप हाय. गेल्या आयतवारी हारूनं त्याला काढा दिला. बग आता या आयतवारी उठतो का."

मी म्हटलं, "कुठला नावाडी? दाजी, ते कार्टून तर..."

चुलीपाशी काकी बसली होती. तिनं माझ्याकडं बघून हात जोडले. तोंडातून आवाज नाही, नुसते जोडलेले हात. अशी भांडखोर बाई, बाजारात पोलिसाला उलटून बोलणारी, आणि ती मला हात जोडत होती. मी वाक्य गिळलं आणि म्हणालो, "ते कार्टून तर झकासच हाय."

कोपऱ्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. "शेवटचा भाग झाला ना, त्या दिशी घरी आले," ती म्हणाली. "दाढी-बिढी करून बसलेला. मना विचारतो, पोचली का बेटावर? आता पोचली बोल्ले, तर पुढच्या आयतवारी काय बोलू? परत भिंतीकडं वळंल तो, गोपी. माझ्या तोंडातनं निघालं, नाय, ते बेट दुसऱ्याच कुणाचं निघालं. पुढच्या बेटाला चाललीय."

"आणि खोलीत येऊन डोळे मिटून बसतेस ते?"

"घरी सुचत नाय. त्याच्यासमोर कसं रचू? आणि नऊला घरातनं निघाले नाय, तर त्याला संशय येल." मग म्हणाली, "तू चुका काढतोस सगळ्यांच्या. माझी काढ, पण त्याच्यासमोर काढू नको."

मला चार शब्द सुनवायचे होते, की नवऱ्याला असं पोरासारखं फसवतात का. पण समोर दाजीचा उजळलेला चेहरा येत होता. मी म्हटलं, "जा घरी. मी बघतो."

मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं, देखावा केशरकाकी सांगते तसाच होणार. नावाड्यासकट. कॉलेजातली पोरं उसळली. "मुळात नाय ते कसं दाखवायचं? सगळ्यांनी बघितलंय कार्टून." खरं तर हे वाक्य माझंच. आयुष्यभर मीच असलं बोलत आलो होतो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "मुळात गेलं खड्ड्यात," आणि मग त्यांना कारण सांगितलं. पोरं तयार झाली. दाजीला कार्टून संपल्याचं कुणी सांगायचं नाही, असं ठरलं. आमच्या वाड्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. इकडं कुणी शिंकलं, तर टिटवाळ्यात औषध सांगतात. त्या वाड्यानं ही गोष्ट दीड महिना पोटात ठेवली. बायका दाजीच्या ओट्यावरून जाताना मुद्दाम विचारायच्या, "काय दाजी, हारू कुठवर आली?" आणि दाजी उत्तर द्यायचा. सविस्तर.

होडी काही जमेना. फळ्या ठोकल्या, तर ती गुरांच्या गव्हाणीसारखी दिसायची. दाजी घरात बसून तोंडानं सांगायचा, आम्हाला ते कळायचं नाही. एक दिवस तो वैतागला, "तोंडानं होडी बांधतात काय रे? हात लावू दे मना." उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चार वर्षांनी ओटा उतरला. मी मागं वळून बघितलं. काकी दारात कोलंबी सोलत बसली होती. ती सोलतच राहिली, पण सोललेली कोलंबी टरफलांत टाकत होती आणि टरफलं टोपात.

दाजीनं चाचपून चाचपून होडीचा नूर बदलला. लोखंडी मासा पत्र्याच्या डब्यांचा होता. त्यावरूनही त्यानं शेपटीपासून तोंडापर्यंत हात फिरवला, खवले मोजल्यासारखा. "असा हाय होय," म्हणाला. "केशरनं सांगितलेला, त्यापेक्षा बारका हाय." टीव्हीवरचं चित्र त्याच्या काय कामाचं? पण पत्र्याचा मासा त्याला बघता आला. हॉलिवूडवाले कार्टूनची माणसं कशासाठी करतात ते मला माहीत नाही. आमचं कारण मला त्या दिवशी कळलं. वाड्यातल्या जनाबाईची पोरगी शेवंती हारू होणार होती. तिच्याही डोक्यावरून हात फिरवून त्यानं वेणी केवढी आहे ते बघून घेतलं. मग तानाजी म्हणाला, "दाजी, नावाडी तुम्हीच व्हा की." दाजीनं आढेवेढे घेतले, पण ते घ्यायचे म्हणून.

टेप तानाजीच्या घरी भरली, खिडक्यांना गोधड्या लावून. गोष्ट काकीच्या आवाजात, नावाडी दाजीच्या आवाजात. काकी एकदाही अडखळली नाही. दोन वर्षांची रंगीत तालीम होती ना!

आता माझी चूक सांगतो. स्पर्धेचं माहितीपत्रक भरायचं असतं. 'देखाव्याची मूळ कथा' असा रकाना होता. टाइम ऑफिसचा कारकून मी, रकाना रिकामा ठेवला तर झोप लागत नाही. कार्टूनचं नाव, वार, वेळ, कधी सुरू झालं, कधी संपलं, एकूण भाग सव्वीस, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. अख्ख्या वाड्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्याचं काय होईल हे डोक्यातही आलं नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी परीक्षक आले. डोंबिवलीचे कुणी गृहस्थ होते, शिक्षक असावेत. माणूस सभ्य होता, मुद्दाम सांगतो. देखावा सुरू झाला. मासा शेपटी हलवत आला, गाळात रुतला. दाजी होडीत उभा राहिला, वल्हं मारायला लागला, आणि गर्दीतले मागचे लोक टाचा उंच करून बघायला लागले. खोट्या होडीत, खोट्या पाण्यात तो माणूस खरं वल्हवत होता. त्यानं हारूला काठावर उतरवलं, ती पुढच्या बेटाकडं निघाली, टेप संपली. टाळ्या झाल्या. पडदा पडला नाही, कारण पडद्याची दोरी अडकली. दाजी होडीतच होता, आणि काकी विंगेत बाजूला उभी.

परीक्षकांनी माझंच पत्रक हातात धरलं आणि सगळ्यांसमोर, चांगल्या मनानं विचारलं, "सादरीकरण सुंदर. पण मूळ कथेशी हे जुळत नाही. माझ्या मुलीबरोबर मी ही मालिका पूर्ण पाहिलीय. त्यात हा नावाडी नाही. आणि मालिका संपून दोन वर्षं झाली, तुम्हीच इथं लिहिलंय. शेवटच्या भागात ती मुलगी तिच्या बेटावर पोचते. तुम्ही तिला अजून फिरवताय कशाला?"

 तानाजीनं दोरी ओढून ओढून तोडली. काकीनं विंगेचा बांबू दोन्ही हातांनी धरला होता. ती दाजीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर बघायचं नाही. दोन वर्षं जिला भीती होती, ती गोष्ट घडली होती, आणि घडवणारा मी होतो.

दाजी वल्हं धरून तसाच उभा राहिला. मग आवाजाच्या दिशेनं वळला.

"साहेब," तो म्हणाला, "पोचली काय ती बेटावर?"

"हो, पोचली."

"आयबापूस भेटलं?"

"भेटले."

"बरा झाला." दाजीनं मान हलवली.  त्याला हे आधीच ठाऊक होतं, की त्याच घटकेला कळलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही. काकीनंही विचारलं नसावं. मग तो म्हणाला, "तुमचे टीवीन संपला आसंल, साहेब. आमचे घरान चालू हाय."

परीक्षक त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिले. त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि खाली बघितलं.  तेवढ्यात विंगेतून हुंदका आला, आणि बाजारात पाच दुकानं पलीकडून ओळखू यावा असा ज्या बाईचा आवाज, तिनं तो दाबायचा फार प्रयत्न केला.

दाजीनं वल्हं खाली ठेवलं आणि तिच्या बाजूला हात पुढं केला.

"रडतंस कशाला?" तो म्हणाला. "उद्या आयतवार हाय. ती पोर कुठं आडकली ते बग आदी."